शब्दचर्चा : अंधुक, मंद, क्षीण... आणि ‘ध्रुवीकरण’ शाळेत चालेल का?

खेड्यातला मास्तर
यवतमाळ जिल्ह्यात आठवीला विज्ञान शिकवतो. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी पोरांनी एक उद्योग काढलाय. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची राखाडी पट्टी सोलायची, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं धरायची आणि चांदण्या रात्री आकाशाचे चार फोटो काढायचे. पट्टी 0, 45, 90, 135 अंशांवर फिरवत. चंद्र पूर्वेला बऱ्यापैकी वर आला, की त्याच्यापासून काटकोनात येणारं पश्चिमेकडचं आकाश पट्टी फिरवताना कमीजास्त उजळ येतं. पहिल्या रात्री चारही फोटो एकसारखे आले. मोबाइल शहाणा, उजेड कमी पडला की आपणच भरपाई करतो! मग सगळं हाताने ठरवून, उजेड घ्यायचा वेळ 15 सेकंदांवर बांधून घेतला, तेव्हा फरक दिसला.

अडलंय ते तक्त्याच्या मथळ्यावर. मी फळ्यावर लिहिलं, ‘अतिशय अंधुक प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचे मापन’. (उजेडाच्या लाटा सगळ्या दिशांना सारख्या न डोलता एकाच दिशेला जास्त डोलणं, ते ध्रुवीकरण; आमची पट्टी त्यातली एकच दिशा पुढं जाऊ देते.) एक पोरगी म्हणाली, “सर, ध्रुवीकरण तं निवडणुकीत होते ना?” मागच्या बाकावरून दुसरा, “ध्रुवतारा मोजाचा हाय का सर?” दोघांनाही चूक म्हणवेना. काय लिहू?

शब्दवेल्हाळ
सर, ‘ध्रुवण’ लिहा. मराठी विश्वकोशात ‘ध्रुवण’, ‘ध्रुवित प्रकाश’ असेच शब्द आहेत. ‘ध्रुवीकरण’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम करतंय असं वाटतं. -करण आणि -भवन यांतला तो फरक. तुमची पट्टी उजेडाला ध्रुवित करते, ते करण. आकाशातला उजेड हवेच्या रेणूंवरून विखुरताना आपसूक ध्रुवित होतो, ते भवन. ‘ध्रुवण’ दोन्हीकडे चालतं.

ध्रुवताऱ्यावर अडलेल्या पोराला मात्र शाबासकी द्या. उजेडाला ध्रुव नसतातच. 1808 मध्ये मालूस या फ्रेंच माणसाने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेलं ऊन एकाच्या दोन प्रतिमा दाखवणाऱ्या कॅल्साइटच्या खड्यातून पाहिलं, आणि खडा फिरवताना दोन प्रतिमांपैकी एक फिकी पडत गेली. त्याला वाटलं, प्रकाशाच्या कणांना चुंबकासारखी टोकं असावीत. 1811 मध्ये त्याने त्यावरून नाव दिलं. कल्पना चुकीची ठरली, नाव चिकटलं, आणि आपण त्या चुकीचं इमानेइतबारे संस्कृत करून घेतलं.

जागल्या
मास्तर, मी शाळा दहावीपुरतीच पाह्यली, पन ‘अंधुक’वर बोलतो. अंधुक हे उजेडाचं नसते, डोयाचं असते. माह्या बुढ्याले भर दुपारी अंधुक दिसे, मोतीबिंदू होता. मंद तो दिवा, वात खाली केली का मंद. अन् झाकट पडली म्हनजे मानूस दिसते, पन कोन हाय ते ओयखू येत नाई.

आता माही गोठ आयका. रातच्या लाईनीवर हरबऱ्याले पानी देतो. बॅटरी बंद केली का पयले पाच मिंट काईच दिसत नाई. अर्ध्या घंट्यानं धुरा दिसाले लागते, रोही (नीलगाय) आला तं तोही दिसते. पन पीक हिरवं का काय ते काई समजत नाई, सारं राखाडी. उजीड तेवढाच, डोया बदलला. मंग अंधुक कोन, उजीड का मी?

पोलवाला
ध्रुवणाची रोजची बोली ऐका आमच्याकडून. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही ‘पोल’, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढतो. साखरेचं पाणी ध्रुवित उजेडाचं प्रतल, म्हणजे लाटा डोलायची पातळी, फिरवतं. 26 ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून एकूण 100 मिलीलीटर द्रावण, 200 मिलीमीटरची नळी, की काटा 100 वर. “आज पोल किती?” हे आमचं “जेवलास का?”. हा पोल ध्रुवण मोजायच्या पोलॅरीमीटरचा, विजेचा नव्हे, उघडा पाडायचाही नव्हे.

जुन्या डोळ्याने बघायच्या यंत्रात गोल दिसतो, त्याचे दोन अर्ध. एक उजळ, एक काळपट. फिरवत फिरवत दोन्ही सारखे करायचे, आणि तेही उजळ नाही, दोन्ही सारखेच *काळपट* असताना. कमी उजेडातच डोळ्याला बारीक फरक कळतो. रस गडद असला तर मात्र गोलच दिसेनासा होतो, म्हणून आधी रस निवळावा लागतो.

बिनभिंगाचा
जागल्याभाऊंचं बरोबर आहे. अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी बसून जातात, दुसऱ्या जाग्या होतात. रामन आणि कृष्णन यांच्या ‘रामन परिणामा’च्या प्रयोगात बघणारे आधी अंधारात बसून डोळे तयार करत. द्रवातून येणारा तो क्षीण उजेड ध्रुवित आहे हे दिसलं, तेव्हाच ही नेहमीची प्रतिदीप्ती (उजेड शोषून पदार्थाने स्वतः चमकणं) नाही असा संशय पक्का झाला. विज्ञान दिन त्याचाच. तेव्हा मास्तर, तुमचा विषय तारखेला धरून आहे.

पण यंत्राला डोळा नसतो. त्याला अंधुकही नाही आणि मंदही नाही. फार कमी उजेडात यंत्र प्रकाशाचे कण एकेक करून मोजतं, पोत्यातले दाणे मोजावेत तसं. समजा पट्टी उभी धरून 5,050 दाणे आले, आडवी धरून 4,950. फरक 100, म्हणजे ध्रुवण 1 टक्का. खुश होऊ नका! दाणे आपल्या मर्जीने येतात. एकूण 10,000 असले की फरकात 100 ची चूक नुसत्या नशिबाने होते. हाती काहीच आलं नाही. तेच 10 लाख दाणे मोजा, फरक 10,000 आणि चूक 1,000, आता बोला. उजेड शंभरपट, खात्री दहापट. ताऱ्यांच्या उजेडाचं ध्रुवण बरेचदा एखाद-दोन टक्केच असतं. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मंडळी अशी यंत्रं बांधतात, आणि त्यांचं झगडणं याच हिशेबाशी.

शिवाय झाकण लावलेलं असतानाही यंत्र काही दाणे मोजतंच. त्याला कुणी चांगला मराठी शब्द द्या. मी ‘भुताचे दाणे’ म्हणतो, पण ते छापता येत नाही.

खेड्यातला मास्तर
दाण्यांवरून सुचलं: ‘मोजका उजेड’? थोडका म्हणूनही मोजका, आणि मोजून घ्यायचा म्हणूनही.

शब्दवेल्हाळ
सुंदर आहे, पण ‘मोजक्या शब्दांत’ म्हणताना आपण निवडलेल्या शब्दांत असंही म्हणतो. इथे निवड कुणी केलेली नाही. पाठ्यपुस्तकात ‘क्षीण प्रकाश’च ठेवा. तक्त्यावर मात्र तुमचाच शब्द. मी हट्ट करणार नाही.

पोलवाला
भुताच्या दाण्यांना ‘फोल’ म्हणा. दाणा वाटतो, आत काही नाही.

खेड्यातला मास्तर
फोल घेतला! मथळा ठरला: ‘मोजक्या उजेडाचं ध्रुवण’. पोरीने खाली स्वतःहून लिहिलंय, ‘निवडणुकीचं नाही’. राहू देतो. आता पुढच्या पौर्णिमेला गावातल्या खांबावरच्या दिव्यांपासून लांब एखादी जागा पाहिजे.

जागल्या
माह्या वावरात या ना. पोरं आली तं रोही हाकलाले तेवढीच सोबत. फक्त बॅटरी कोनी लावाची नाई.