इतिहास आवडीने घेतलाय, वाचते भरपूर, पण उत्तरात मार्क पडत नाहीत

कोरी_वही
अकरावीला इतिहास मी स्वतःहून घेतला. दहावीपर्यंत सोपं होतं, धडा पाठ केला की झालं. आता मात्र गाडी अडलीये. फ्रेंच राज्यक्रांती का झाली असा प्रश्न होता, मी चार पानं लिहिली, राजाचा खर्च, कर, पीक बुडालं, पाव महागला, मग १४ जुलै १७८९ ला पॅरिसचा बास्तिल तुरुंग पडला, सगळं अगदी क्रमाने, आणि सरांनी खाली लाल पेनने लिहिलंय "गोष्ट छान सांगितलीस, पण उत्तर कुठंय?" दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. नोट्सच्या तीन वह्या भरल्यात, सनावळ्या रात्री पाठ करते आणि सकाळी अर्ध्या गायब. ज्यांनी शेवटच्या दोन वर्षांत हा विषय केलाय त्यांनी प्लीज सांगा, अभ्यास नक्की करायचा कसा? आणि सनावळ्या पाठ करायच्या की सोडून द्यायच्या?

जुनं_दप्तर
सरांचा शेरा मनाला लावून घेऊ नकोस, पण तो बरोबर आहे. मी बरीच वर्षं हा विषय शिकवलाय आणि निम्म्या पेपरांवर मला हेच लिहावं लागायचं. तू "काय काय झालं" ते लिहिलंस, प्रश्न "का झाली" असा होता.

तुझंच उदाहरण घे. १७८८ ला पीक बुडालं, पाव महागला, बरोबर. पण पिकं त्याआधीही बुडाली होती, लोक आधीही उपाशी राहिले होते, मग तेव्हा का नाही झाली क्रांती? हा प्रश्न स्वतःला विचारलास की उत्तर सुरू होतं. यावेळी वेगळं हे होतं की तिजोरी रिकामी होती, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात केलेल्या मदतीचं कर्ज त्यात आलंच, आणि नवे कर बसवायला राजाला मे १७८९ मध्ये तिन्ही वर्गांची (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक) सभा बोलवावी लागली, जी १६१४ नंतर कधी भरलीच नव्हती. म्हणजे भूक आधीपासून होती, पण गाऱ्हाणी मांडायला जागा राजानेच उघडून दिली, आणि तीही अशा वर्षी जेव्हा लोक सगळ्यात जास्त चिडलेले होते. आता बघ, घटना त्याच आहेत तुझ्या, पण एक म्हणणं तयार झालं. तुला हे पटायलाच पाहिजे असं नाही, तू म्हण की कर आणि वर्गभेद हेच खरं कारण, फक्त कशावरून ते दाखव.

लिहायला बसण्याआधी कच्च्या कागदावर एकच वाक्य लिही, माझं म्हणणं काय. मग प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याला काहीतरी देतोय का बघ. नसेल देत तर कितीही आवडता असला तरी काढ.

बाराखडी
वरचं सगळं मान्य पण सनावळ्या सोडून दे असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, मी बारावीत ऐकलं आणि पस्तावले. सुट्या सुट्या पाठ केल्या तर राहत नाहीत, साखळी करून राहतात. १९१४ बघ, पहिलं महायुद्ध. २८ जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, २३ जुलैला ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता, २८ जुलैला युद्ध, १ ऑगस्टला जर्मनीचं रशियाशी, ३ ला फ्रान्सशी, ४ ला ब्रिटन उतरलं. आता खून आणि खलिता यामध्ये जवळजवळ महिना गेलाय, आणि पुढे मात्र बारा-तेरा दिवसांत युरोपातले बहुतेक मोठे देश युद्धात. मग सुरुवातीला थांबायला वेळ होता ना? तो कोणी आणि कशासाठी घालवला? हा मुद्दा तारखांशिवाय सुचलाच नसता मला. आणि नुसतं वाचू नकोस, वही बंद करून कोऱ्या कागदावर साखळी काढ, जिथे अडशील तेवढंच परत बघ, दोन-तीन दिवसांनी परत काढ. मला तरी यानेच राहिलं.

दिवा_लावा
साधनांवरचे प्रश्न पण असतील ना तुला? उतारा देतात आणि यावर कितपत विश्वास ठेवाल विचारतात. तिथे सगळे "लेखक पक्षपाती आहे" एवढं लिहून मोकळे होतात आणि मार्क जातात. सोळाव्या लुईच्या डायरीत १४ जुलै १७८९ ला फक्त "काही नाही" असं लिहिलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, केवढा बेफिकीर राजा! मग कळलं की ती वही मुख्यतः शिकारीची होती, त्या दिवशी शिकार झाली नाही एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे लिहिणारा कोण याच्याइतकंच ते कशासाठी लिहिलंय हेही विचारावं लागतं. आणि हीच नोंद, राजाचे दिवस कसे जायचे असा प्रश्न असेल तर एकदम कामाची आहे. साधन चांगलं की वाईट ते प्रश्नावर ठरतं, हे मला कळल्यावर हा विषय खरा आवडायला लागला.

कोरी_वही
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, डायरीचं वाचून मी खरंच थांबले, कारण मी पण बेफिकीरच म्हटलं असतं. काल परत बसले. वाक्य असं केलंय: "क्रांतीला आर्थिक, सामाजिक आणि राजकीय अशी अनेक महत्त्वाची कारणं होती." चालेल का?

जुनं_दप्तर
नाही चालणार, कारण याला कोणी नाही म्हणूच शकत नाही. यातलं कुठलं कारण काढलं तर १७८९ ला क्रांती झालीच नसती, ते एक निवड आणि वाक्य त्यावर उभं कर. बाकीची दोन त्या एकाला कशी येऊन मिळाली ते पुढच्या परिच्छेदांत येऊ दे. लिहून टाक इथे, मी वाचतो.