स्कायरिम: लोखंडात कोरंडम घालून पोलाद कसं होतं? आणि बाकीची खनिजं नेमकी कशाची?

निसणा_आणि_धार (प्रश्न)

स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या भट्टीत १ लोहखनिज आणि १ कोरंडम टाकलं की १ स्टील इन्गॉट (पोलादाची लगड) मिळतो. कोरंडम म्हणजे आपला कुरुंद, ॲल्युमिनियम ऑक्साइड. माणिक आणि नीलम त्याचेच रंगीत भाऊ. पोलादाला कार्बन लागतो, आणि कुरुंदात कार्बनचा कणही नाही. मग खेळ बनवणाऱ्या बेथेस्डाने हे नाव नुसतं भारदस्त वाटलं म्हणून उचललं, की त्यामागे काही विचार आहे?

हाच प्रश्न मूनस्टोन, मॅलाकाइट, क्विकसिल्व्हर, ओरिकॅल्कम आणि एबनीबद्दलही आहे. क्रिएशन किटमध्ये (बेथेस्डाचं खेळ बदलायचं साधन) स्वतःपुरता छोटा मॉड (खेळातला फेरबदल) करून भट्टीच्या कृती जरा पटतील अशा करायच्या आहेत. खेळाचा तोल मात्र ढळू द्यायचा नाही. खनिजशास्त्र आणि खेळ दोन्ही कळणाऱ्यांनी तर्क लढवावेत.

---

मूसवाला

आधी कोरंडमचा निकाल लावू. तर्क कितीही ताणला तरी ही कृती बसत नाही. उलट ती शेपटाकडून लिहिल्यासारखी आहे. रेल्वेचे रूळ जोडायला थर्मिट वापरतात, त्यात ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोहाचं ऑक्साइड पेटवतात. ॲल्युमिनियम लोहाकडून ऑक्सिजन ओढून घेतं, खाली वितळलेलं लोखंड उतरतं आणि वर मळी तरंगते. ती मळी म्हणजेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, अर्थात कुरुंदच. म्हणजे धातू मिळाल्यावर जे फेकून द्यायचं, तेच हा खेळ आत घालायला सांगतो.

मळी पातळ करायला द्रावक म्हणून घालत असतील, असं कुणी म्हणेल. तेही जमत नाही. भारतीय लोहधातुकांत ॲल्युमिना जास्त असतो ही आपल्या पोलाद कारखान्यांची जुनी डोकेदुखी आहे, कारण ॲल्युमिना वाढला की मळी घट्ट होते आणि नीट वाहत नाही. मळी पातळ करायला चुनखडी घालतात. शुद्ध कुरुंद २००० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो. खेळातल्या व्हाइटरन शहराच्या लोहाराच्या भात्याने तो तापेल, बाकी काही होणार नाही.

एकच पळवाट दिसते: एमरी. निसर्गात कुरुंद आणि मॅग्नेटाइट एकत्र मिसळलेला काळपट दगड सापडतो, तो एमरी. पॉलिश पेपरवर पूर्वी हीच लावत. खेळातलं कोरंडम एमरी धरलं तर त्यात थोडं लोखंड आहे एवढं तरी म्हणता येतं. कार्बनचा प्रश्न मात्र तिथेच राहतो.

कार्बन खेळात आहे, हे लक्षात ठेवा. 'चारकोल' नावाची वस्तू आहे आणि एका मोहिमेत काल्सेल्मोच्या शिळेचा ठसा घ्यायला ती कागदाच्या गुंडाळीबरोबर लागते. पोलादाला मात्र लागत नाही.

---

डोवाकीन_डोंबिवली

रसायन बाजूला ठेवा, हिशेब बघा. मूळ किमती:

लोहखनिज २, कोरंडम खनिज २०, स्टील इन्गॉट २०. म्हणजे २२ सेप्टिमचा (खेळातलं नाणं) माल भट्टीत घालून २० चा बाहेर काढायचा. वजन २ चं १ होतं हाच काय तो फायदा.
कोरंडमची २ खनिजं ४०, इन्गॉट ४०. चांदी २५ अधिक २५, इन्गॉट ५०. सोनं ५० अधिक ५०, इन्गॉट १००. तिन्हींत ना नफा ना तोटा.
मूनस्टोन ६० चे ७५. एबनी १२० चे १५०. मॅलाकाइट ६० चे १००.

भट्टीचं खरं मोल मॅलाकाइटलाच मिळतं. कायनेसग्रोव्हच्या स्टीमस्कॉर्च खाणीतून येताना मॅलाकाइट कच्चं विकू नका. गाळलं की वजन अर्धं आणि किंमत जवळपास पावणेदोनपट.

आणि खिशात ट्रान्सम्यूट मंत्र असेल तर पोलादासाठी ठेवलेलं लोहखनिज आधी पेटीत टाका. हॉल्टेड स्ट्रीम कॅम्पमध्ये त्याचं पुस्तक मिळतं. एका प्रयोगात एका लोहखनिजाची चांदी होते, पुढे चांदीचं सोनं. निवड तुमच्या हातात नसते, अंगावर जे आहे ते मंत्र घेतो. अल्टरेशन (या मंत्राचं जादूकौशल्य) वाढवण्याच्या नादात पंचवीस-तीस लोखंडं कधी संपली ते कळतही नाही.

---

चंद्रकांत_मणी

मूळ प्रश्नातली खरी मजा मूनस्टोन आणि मॅलाकाइटमध्ये आहे. भट्टीतून निघणाऱ्या मालाची नावं नीट वाचा. लोखंड, स्टील, ओरिकॅल्कम, एबनी, क्विकसिल्व्हर यांचे 'इन्गॉट' म्हणजे लगडी होतात. मूनस्टोन आणि मॅलाकाइटचं मात्र 'रिफाइन्ड' होतं, लगड नाही. म्हणजे हे धातू नाहीत, शुद्ध केलेले दगड आहेत, हे खेळ स्वतःच सांगतोय.

आता काचेची तलवार घ्या. तिला रिफाइन्ड मॅलाकाइट आणि रिफाइन्ड मूनस्टोन दोन्ही लागतात. मूनस्टोन म्हणजे चंद्रकांत मणी, फेल्डस्पार कुळातलं खनिज: पोटॅशियम किंवा सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका. काच आणि चिनी मातीच्या कारखान्यांत फेल्डस्पार आजही पोत्यांनी लागतो, कारण तो वितळणं सोपं करतो आणि काचेला टणकपणा देतो. मॅलाकाइट हे तांब्याचं हिरवं कार्बोनेट. काचेत तांबं गेलं की ती हिरवी-निळी होते.

थोडक्यात मूनस्टोन हे काचेचं अंग आणि मॅलाकाइट हा तिचा रंग. ही जोडी योगायोगाने जमली असली तरी काचकामाच्या अंगाने नेमकी बसते. काचेच्या वस्तूला सुधारताना मात्र फक्त मॅलाकाइट लागतं, तिथे हा तर्क लंगडा पडतो हे मान्य.

उताऱ्याचंही बघा. मॅलाकाइटमध्ये वजनाने साधारण ५७ टक्के तांबं असतं. खेळात २ खनिजांचं १, म्हणजे ५० टक्के. अख्ख्या स्कायरिममध्ये वास्तवाच्या सगळ्यात जवळ जाणारा आकडा हाच असावा. याउलट लोहखनिज १ चं १ होतं, आणि प्रत्यक्षात शुद्ध हेमेटाइटमध्येही लोह ७० टक्क्यांच्या आसपासच असतं.

---

मूसवाला

मणी, काचेचं पटलं. पण एल्व्हन चिलखताचं काय? ४ मूनस्टोन, १ लोखंड, १ चामडं, ३ चामड्याच्या पट्ट्या. ते दिसतं पिवळसर धातूचं, आणि वजन फक्त ४. तिथे फेल्डस्पारमधून ॲल्युमिनियम काढलंय असं म्हणायचा मोह होतो, कारण ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि लोखंडाची ७.८७.

---

चंद्रकांत_मणी

मोह होतो, पण उतारा जमत नाही. पोटॅश फेल्डस्पारमध्ये ॲल्युमिनियम वजनाने १० टक्क्यांहून कमी असतं. २ खनिजांत जेमतेम ०.२ निघेल, १ नाही. शिवाय कोळशाच्या भट्टीत ॲल्युमिनियम सुटत नाही, त्याला वीज लागते. आपल्या जगात ती रीत १८८६ साली सापडली. एल्फ मंडळी विजेचा मंत्र मारतात, पण एवढ्या पुराव्यावर कारखाना काढता येत नाही.

आणि वजनाकडे बघायचंच नाही असं ठरवा. तुम्ही दिलेला कच्चा माल ७.३ भरतो (चामडं २, पट्ट्या ०.१ च्या) आणि चिलखत होतं ४ चं. एबनी चिलखताला ५ लगडी आणि ३ पट्ट्या, म्हणजे ५.३, आणि तयार वस्तू ३८. हे वजन फक्त तुमची पाठ मोडायला आहे.

---

पारा_चढलाय

क्विकसिल्व्हरला कुणी हातच लावला नाही. पारा उणे ३९ अंशांखालीच घट्ट होतो. डॉनस्टारच्या थंडीत लगड टिकली असं एकवेळ म्हणू, पण तीच व्हाइटरनच्या भट्टीशेजारी ठेवली तर तिचं थारोळं व्हायला हवं. शिवाय पाऱ्याचं धातुक म्हणजे हिंगूळ, आणि ते लालभडक असतं. डॉनस्टारच्या खाणीतलं खनिज चंदेरी आहे.

पण त्याचा वापर बघा. साध्या एल्व्हन चिलखतात क्विकसिल्व्हर नाही. 'एल्व्हन गिल्डेड' केलं की ते यादीत येतं. गिल्डेड म्हणजे सोन्याचा मुलामा चढवलेलं. वीज येण्याआधी धातूवर मुलामा मुख्यतः पाऱ्याने चढवत: सोनं पाऱ्यात कालवायचं, त्याचा लेप धातूवर फासायचा, मग तापवायचं. पारा उडतो आणि सोनं चिकटून राहतं. तो धूर विषारी, कारागिरांचे हात थरथरायला लागत आणि दात पडत. कृती लिहिणाऱ्याला एवढं नक्की ठाऊक होतं. फक्त सोनं घालायला विसरला!

ओरिकॅल्कमचं थोडक्यात. प्राचीन ग्रीकांचं हे नाव बहुधा पितळेसारख्या मिश्रधातूला होतं. सिसिलीतल्या जेलाजवळ समुद्रतळाशी सापडलेल्या ३९ लगडी २०१५ मध्ये जाहीर झाल्या. त्यात ७५ ते ८० टक्के तांबं आणि १५ ते २० टक्के जस्त होतं. पितळ खाणीत उगवत नाही, म्हणून ऑर्कांचं ओरिकॅल्कम म्हणजे नुसतं नाव उसनं घेतलंय, माल घेतलेला नाही.

---

डोवाकीन_डोंबिवली

स्टालरिम विसरू नका. ड्रॅगनबॉर्न या विस्तारातलं ते मंतरलेलं बर्फ प्राचीन नॉर्डिक कुदळीनेच फुटतं, साध्या कुदळीने नाही. बारकावा असा की ते भट्टीत जातच नाही, कच्चंच थेट ऐरणीवर. बर्फ वितळेल म्हणून असेल, किंवा कृती लिहायचा कंटाळा असेल. पण तर्क जुळतो.

ड्वार्व्हन धातूला तर खनिजच नाही. ड्वेमर ही जुनी जमात नाहीशी झाली आणि मागे भंगार उरलं. वाकलेलं भंगार आणि छोटा पत्रा यांचं वजन प्रत्येकी २, आणि प्रत्येकातून ३ लगडी मिळतात. सॉलिड ड्वेमर मेटल वजनाला २५ आणि लगडी ५. तेव्हा २५ वाला गोळा तिथेच सोडा. लिव्हर, कॉग, जायरो गाळता येत नाहीत, ते गोळा करून पाठीला त्रास देऊ नका.

---

निसणा_आणि_धार

भरपूर मिळालं. मग मॉडमध्ये पोलाद असं करू का: १ लोहखनिज, १ चारकोल, १ स्टील इन्गॉट? आणि कोरंडमचं काय करू?

---

मूसवाला

१ ला १ नको. पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो. आपल्याकडचं वूट्झ पोलाद घ्या, दख्खन आणि तामिळ मुलखातून बाहेर जाणारं. त्यातही साधारण दीड टक्का. लोखंडाचे तुकडे आणि तरवडाचं लाकूड मातीच्या मुशीत घालून, वर पानं ठेवून, तोंड मातीने लिंपून तापवत. कार्बन त्या लाकडातून येई. खेळात टक्के जमणार नाहीत, पण घाऊक कृती जमते: ५ लोहखनिज, १ चारकोल, ५ स्टील. राहिलेला कोळसा जळाऊ समजा.

क्रिएशन किटमध्ये आयटम्सखाली कन्स्ट्रक्टिबल ऑब्जेक्ट उघडा, फिल्टरच्या चौकटीत 'इन्गॉट' टाइप करा, स्टीलची जुनी नोंद सापडेल. नवी नोंद करू नका, जुनीच बदला. नवी केली तर जुनी कृतीही भट्टीत दिसत राहते आणि सगळा खटाटोप वाया जातो. साहित्याच्या यादीतून कोरंडम काढा, लोहखनिज ५ करा, चारकोल १ जोडा, क्रिएटेड ऑब्जेक्ट काउंट ५ करा. शेवटचा आकडा लोक हमखास विसरतात, मग पाच खनिजांत एकच लगड येते. वर्कबेंच कीवर्ड क्राफ्टिंगस्मेल्टर आहे तोच राहू द्या.

घाऊक कृतीचा तोटा: ४ खनिजं असतील तर काहीच होत नाही. तो मान्य नसेल तर २ खनिजं, १ चारकोल, २ स्टील करा.

चारकोल मूळ खेळात फारसा सापडत नाही, म्हणून दुसरी कृती हवीच: भट्टीत १ सरपण, २ चारकोल. सरपणाच्या मोळीचं वजन ५ आहे, म्हणून उतारा २ ठेवला तरी फुकटेगिरी होत नाही. या कृतीला गेटआयटमकाउंटची अट लावा, सरपण १ किंवा जास्त, म्हणजे अंगावर लाकूड नसताना यादीत गर्दी होणार नाही.

कोरंडम वाया जात नाही. स्केल्ड आणि स्टील प्लेट चिलखतांत ते लागतंच, आणि हार्थफायर या विस्तारातल्या घराला कुलूप करायचं तरी लागतं.

---

चंद्रकांत_मणी

कोरंडमला त्याचं खरं काम द्या की. कुरुंद म्हणजे धार लावायचा दगड, मोहस् मापावर ९, वर फक्त हिरा. सुधारणेच्या कृतींत जिथे कीवर्ड क्राफ्टिंगस्मिथिंगशार्पनिंगव्हील (धारेचं चाक) आहे, तिथे यादीत १ कोरंडम खनिज जोडा. इन्गॉट नको. धार दगडाने लागते, लगडीने नाही. चिलखतांचा कीवर्ड क्राफ्टिंगस्मिथिंगआर्मरटेबल, त्यांना हात लावू नका.

एक धोका. खंजीर, तलवार, कुऱ्हाड, धनुष्य, प्रत्येकाची सुधारणेची नोंद वेगळी आहे, आणि धनुष्य व हातोडेही त्याच चाकावर येतात. हातोड्याला धार कसली लावता! ती वगळा. आणि शस्त्रं बदलणारा दुसरा कुठलाही मॉड असेल तर त्याच नोंदींवर दोघे बसतात, लोड ऑर्डरमध्ये (मॉड चढवायचा क्रम) जो खाली त्याचं चालतं. एसएसई-एडिटमध्ये (मॉड तपासायचं साधन) दोन्ही उघडून लाल नोंदी बघा आणि हवी ती ओळ तिसऱ्या पॅचमध्ये ओढून घ्या.

---

निसणा_आणि_धार

२-१-२ घेतो. कोरंडम चाकावर, फक्त पात्याच्या हत्यारांना. गिल्डेड चिलखतात १ गोल्ड इन्गॉट घालू का?

---

पारा_चढलाय

घाला. पण क्विकसिल्व्हर काढू नका, नाहीतर सोनं चिकटणार कशाने?