कातकरी मुलं, पुस्तक आणि वीटभट्टी

कातकरी या आदिवासी जमातीच्या मुलांसाठी पहिलीला कातकरी आणि मराठी अशा दोन भाषांतलं पुस्तक काढावं का, या चर्चेत "कातकऱ्यांना मराठी येतंच, मग पहिलीला वेगळं पुस्तक कशाला" असं एकाने लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. बाजारात चिंबोऱ्या विकण्यापुरतं मराठी येणं वेगळं आणि सहा वर्षांच्या पोराला पुस्तकातली मराठी कळणं वेगळं. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या पेणकडे कातकरी वाडीवरची मुलं वर्गात गप्प बसतात, पण तेच वजाबाकीचं गणित चौथीतल्या एखाद्या ताईने कातकरीत सांगितलं की पटकन उत्तर देतात, हे मी स्वतः बघितलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्येसुद्धा शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असंच म्हटलंय.

पण स्थलांतराचं इथे कुणीच बोललं नाही. दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर लाकडाचा कोळसा पाडायला जातात, काही तर थेट कर्नाटकात, ती परततात पावसाच्या तोंडावर, म्हणजे तिकडच्या शाळेत घातलं तरी पोरापुढे कानडी! त्यामुळे दोन भाषांतलं पुस्तक काढायचंच तर जून ते दिवाळीत पुरं होईल असं काढा, आणि वाडीतलीच एखादी शिकलेली मुलगी भट्टीवर शिकवायला नेमा, मानधन मात्र दर महिन्याला हातात पडलं पाहिजे.