बी आधी रुजतं की आधी उगवतं?

कोरांटी: सोयाबीन बियाण्यावरचं एक हिंदी माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'अंकुरित होना'साठी मी 'रुजणे' लिहिलं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे खोडून 'उगवणे' केलं. रुजणं म्हणजे मातीत मूळ धरणं, असं त्यांचं म्हणणं. पण माझी आजी म्हणायची, "बी रुजलंय, उगवायला दोन दिवस लागतील." आत रुजतं, वर दिसलं की उगवलं. हे चूक आहे का?

भातखाचर: आजींचंच बरोबर. आमच्याकडे कोकणात रहू (मोड आलेल्या भाताची पेरणी) करायचा तर भात भिजवून पोत्यात दाबून रुजत घालतात. मोड आले की चिखलात फोकायचं, म्हणजे विखरून टाकायचं. पोत्यात कुठली आली माती? तरी आम्ही रुजलं असंच म्हणतो.

काळी कसदार: आम्ही लातूरकडे पेरणीआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवतो. 70 ला मोड आले तर बियाणं पेरायचं. तिथेही माती नसतेच, पण म्हणतो 'उगवण'. रुजणं आमच्याकडे सुनेचं, नव्या घरात. पत्रक शेतकऱ्याच्या हातात जाणार असेल तर उगवणच ठेवा.

भातखाचर: कोकणात शेतकरी नाहीत का?

जुना बोरू: संस्कृतात 'रुज्' म्हणजे मोडणे, फोडणे. रोग, रुग्ण त्यातलेच. बियाचं टरफल फुटतं, म्हणून रुजणे. आणि मराठीत त्यालाच 'मोड' म्हणतात, हे पाहा!

पडवी: मोडाचं सुचलंय छान, पण मला पटत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, 'रुह बीजजन्मनि' (रुह् म्हणजे बी जन्मणे) असं सरळ दिलंय. गुह्यचं गुज झालं, मह्यम्‌चं मज झालं, तसं रुह्यतेवरून रुज. रोप, रोपणही रुह्‌चीच.

शाईपेन: कामावर 'रुजू' होतो तेही यातलंच ना? माणूस जागेवर रुजतो.

पडवी: नाही हो. रुजू अरबी आहे, रुजवातही. रुजणे आपलं घरचं.

शाईपेन: तीनशे वर्षं वापरतोय, अजून परकं? मी अर्जात 'रुजू' लिहिणं सोडणार नाही.

जुना बोरू: सोडू नका. पण 'उपस्थित' लिहिणाऱ्यालाही हसू नका.

काळी कसदार: मटकी कुणाच्या घरी रुजते? तिला मोडच येतात.

भातखाचर: आमच्या घरी रुजते. आई रात्री फडक्यात बांधून ठेवते आणि सकाळी विचारते, "रुजली का गं?"