जुने कुरण नांगरावे की राखावे?

माळकरी: पठारावरचे थकलेले कुरण नांगरून नव्याने पेरू नये, असे माझे ठाम मत आहे. मुरमाड उतारावर जेमतेम वीतभर माती असते आणि ती पवना, मारवेल या गवतांच्या ठोंबांनीच धरून ठेवलेली असते. नांगर फिरवला की वळवाच्या पहिल्या सरीतच ती ओढ्याला जाते. त्यापेक्षा पावसाळाभर जनावरे आत सोडू नयेत, गवत फुलोऱ्यात येताच चार बोटे बुडखा ठेवून कापावे आणि वणवा शिरू देऊ नये. हिवरे बाजार गावात चराईबंदीनंतर चारा वाढलाच ना?

ओढ्याकाठी: हे उदाहरण अर्धेच दिले आहे. तेथे चराईबंदीबरोबर डोंगरावर समतल चर खोदले गेले, पाणी अडवले गेले. शिवाय ज्या गायरानात पवन्याचा ठोंब शोधूनही सापडत नाही, तेथे नुसत्या राखणीने कुसळी गवत आणि तरवडाची झुडपेच माजतात. तेथे नांगरून मारवेलची ठोंबे लावण्यावाचून गत्यंतर नाही. आणि दिवाळीनंतर कोकणात उतरणारे मेंढपाळ पावसाळ्यात याच माळांवर परतलेले असतात. नेमके तेव्हाच कुरण बंद केले, तर त्यांनी मेंढरे न्यावीत कोठे?

माळकरी: मेंढपाळांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच कुरणाचे भाग पाडून दरवर्षी आळीपाळीने एकेकच बंद ठेवावा. कुसळीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. तिचे बी टोकदार असते, त्याचे पिळदार कुसळ ओल लागताच फिरते आणि बी जमिनीत शिरते. त्यामुळे वणव्यात इतर गवतांचे वर पडलेले बी जळते, पण कुसळीचे वाचते. माळ पेटवणे आणि उशिरा कापणे, या दोन सवयींनीच आपण तिला वाढवले आहे. बी धरण्याआधी सलग काही वर्षे कापल्यास तिचा जोर ओसरतो.

गंजीवाला: कापणीची ही वेळ कागदावर योग्य आहे, फुलोऱ्यातल्या गवतात प्रथिने पिकलेल्या गवतापेक्षा जास्त असतात, हेही खरे. परंतु फुलोरा आणि परतीचा पाऊस एकाच वेळी येतात. कापलेले गवत भिजून काळे पडले, की त्याला बुरशी लागते आणि गिऱ्हाईक हात लावत नाही, म्हणून शेतकरी दिवाळीपर्यंत थांबतो. सप्टेंबरमध्ये थोडे थोडे कापून ओलाच चारा गोठ्यात घालावा आणि उरलेलेच गंजीसाठी ठेवावे, एवढेच मला शक्य दिसते.

ओढ्याकाठी: तसे केल्यास उरलेल्या भागातली कुसळी बी धरणारच. तो भाग दरवर्षी बदलत ठेवणार असाल, तरच मी नांगराचा आग्रह सोडेन. ठोंबे लावण्याचा मात्र सोडणार नाही.