मदत हवी आहे: सच्छिद्र कार्बनचे कण आणि एमटीटी चाचणीचे न पटणारे आकडे

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मेसोपोरस (अतिसूक्ष्म छिद्रांच्या) कार्बनचे नॅनोकण औषध वाहून न्यायला वापरतेय. सिलिकाच्या साच्यात साखरेचा कोळसा करायचा, मग सिलिका विरघळवून टाकायची, ही नेहमीचीच पद्धत. छिद्रं 4 नॅनोमीटरच्या आसपास. डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरवरच्या औषधाच्या लाल द्रावणात कण टाकले, तर तासाभरात वरचं पाणी जवळजवळ रंगहीन! इथवर सगळं झकास.

घोडं अडलंय हेला पेशींपाशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या कॅन्सरपेशी). औषध न भरलेले नुसते कण 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर दिले, तरी एमटीटीत (जिवंत पेशी फॉर्माझान हा जांभळा पदार्थ बनवतात, त्याच्या रंगावरून त्या मोजायच्या) जेमतेम 40 टक्के पेशी जिवंत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याच पेशी तळाला छान चिकटून पसरलेल्या, मेलेल्या पेशींतच शिरणारा ट्रायपॅन ब्लू हा रंगही आत शिरत नाही. मेलेल्या पेशी अशा दिसतात होय? मला वाटतं कार्बन फॉर्माझानचे जांभळे स्फटिकच धरून ठेवतोय, डीएमएसओ या द्रावकात सुटू देत नाही. कार्बन नॅनोट्यूबबाबत हे घडल्याचं माहीत आहेच.

कंट्रोल पेशींचं तयार फॉर्माझान घेऊन त्यात कण मिसळायचे आणि 570 नॅनोमीटरला शोषण किती उतरतं ते बघायचं, एवढा पुरावा परीक्षकांना पुरेल का? एलडीएच (इजा झालेल्या पेशींतून बाहेर पडणारं प्रथिन मोजायची चाचणी) करावं तर ते प्रथिनही कार्बनला चिकटेल ही धास्ती. जगलेल्या पेशींपासून वाढणाऱ्या वसाहती मोजायच्या तर दोन आठवडे जातात, आणि सबमिशन डोक्यावर आलंय. सरांचं म्हणणं, 'आकडे आलेत ना, लिहून टाक.' मला ते पटत नाही.

प्लुरॉनिक एफ-127 (कण पाण्यात सुटे ठेवणारं पॉलिमर) लावून कणांच्या गुठळ्या कोणी टाळल्यात का? किती टक्के वापरलं होतं?