खाटा वाढवून खर्च निघत नाही

ट्रेलवर चालणाऱ्यांसाठी हॉस्टेल काढायचं तर 'खाटा वाढवल्या की वर्षभराचा खर्च सुटेल' असा हिशोब इथल्या चर्चेत मांडलाय, पण तो निदान अमेरिकेतल्या ॲपलेशियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवर तरी जमत नाही. पूर्ण ट्रेल (साधारण ३५०० किमी) चालणारे बहुतेक जण जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनवरून मार्च-एप्रिलमध्ये निघतात आणि मेन राज्यातल्या कटाडिन शिखराला ऑक्टोबरच्या मध्याआधी पोचायची त्यांची धडपड असते. म्हणजे पालखीसारखी सगळी गर्दी एकदमच पुढे सरकते. जॉर्जियात हॉस्टेल काढलंत तर कमाई वसंतात, मेनमध्ये काढलंत तर उन्हाळा सरताना. उरलेल्या महिन्यांसाठी दुसरी काहीतरी मिळकत हवीच.

स्वच्छतेबद्दल इथे अजून कुणीच बोललेलं नाही, आणि मला ते खाटांपेक्षा फार महत्त्वाचं वाटतं. व्हर्जिनियात ओळखीच्यांच्या हॉस्टेलवर मी हंगामात मदतीला जाते. माणूस आला की बूट व्हरांड्यातच, अंगावर घालायला तिथले उसने कपडे, आणि त्याचे सगळे कपडे थेट मशीनमध्ये. त्याआधी साबणाने हात धुणं सक्तीचं. 'सॅनिटायझर लावलंय की' असं हमखास ऐकू येतं, पण उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. एकाला उलट्या सुरू झाल्या की बंकरूममधले (सगळ्यांच्या खाटा असलेल्या खोलीतले) बाकीचेही आडवे होतात, म्हणून नळ आणि दारांच्या मुठी ब्लीचने पुसायच्या. चिप्सच्या पाकिटात तर कुणालाच हात घालू द्यायचा नाही, तळहातावर ओतून द्यायचे. खाटा घेण्याआधी दुसरं वॉशिंग मशीन घ्या, असं मी मनापासून सांगेन.